भायखळ्याचा तुरुंग, तेरा नाणी आणि नांदगावहून आलेला एक मेसेज

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायचा कंटाळा येतो किंवा ज्यांचा डेटा महिनाअखेरीस संपतो, त्यांच्यासाठी.

सुरुवात एका मेसेजपासून करतो. नांदगावहून एका श्रोत्या मुलीने लिहिलंय. मनमाडच्या पुढचं, चाळीसगावच्या अलीकडचं नांदगाव, आपल्या नाशिक जिल्ह्यातलं. ती पब्लिक हेल्थचं शिक्षण घेतेय. तिच्या प्रोजेक्टमध्ये तिने दोन गट घेतले. आरोग्याच्या मीटिंगला येणाऱ्या आया आणि न येणाऱ्या आया. येणाऱ्या आयांच्या मुलांना जुलाब कमी. कॉम्प्युटरने पी-व्हॅल्यू दिली ०.०५ च्या खाली. सर म्हणाले, "छान, सिग्निफिकंट आहे." तिचा प्रश्न असा: "दादा, हे ०.०५ म्हणजे नक्की काय? आणि माझ्या मीटिंगमुळेच जुलाब कमी झाले असं मी आशाताईंना छातीठोकपणे सांगू का?"

प्रश्न साधा वाटतो, पण याच प्रश्नाने मुंबईत सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाची झोप उडवली होती. तेव्हा पी-व्हॅल्यू नव्हती आणि कॉम्प्युटर तर नव्हताच. होता तो प्लेग. म्हणून उत्तर देण्याआधी तुम्हाला भायखळ्याच्या तुरुंगात घेऊन जातो.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांना काखेत-जांघेत गाठी आलेले, तापाने फणफणलेले रोगी दिसले. त्यांनी ओळखलं, हा गाठीचा प्लेग. पुढचं तुम्ही शाळेत वाचलंय. माणसं मुंबई सोडून पळाली, आणि थोडीथोडकी नाही, काही महिन्यांत जवळपास निम्मं शहर रिकामं झालं. ती गेली कशाने? आगगाडीने. कल्याण, कसारा घाट, इगतपुरी, नाशिक, मनमाड, नांदगाव, भुसावळ, ही जीआयपी रेल्वेची मोठी लाईन. तेव्हा नांदगाव स्टेशनला आजच्यापेक्षा जास्त भाव होता, बरं का. मनमाड-औरंगाबाद लाईन झालेली नव्हती, त्यामुळे वेरूळची लेणी बघायला निघालेले साहेब लोक नांदगावला उतरून टांग्याने पुढे जायचे. त्याच गाड्यांतून प्लेगची धास्तीही आली आणि प्लेगही आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात घराघरांत सोजीर घुसले. मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

या सगळ्या धामधुमीत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत वाल्डेमार हाफकिन नावाचा माणूस लस बनवत होता. जन्म ओडेसाचा, ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला, आणि १८९३ पासून हिंदुस्थानात कॉलऱ्याची लस टोचत फिरलेला. प्लेगचे जंतू तो मांसाच्या रश्शात वाढवायचा. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, मग जंतू त्या थेंबांना लोंबकळून खाली वाढतात. मग ते उष्णतेने मारायचे आणि टोचायचे. १० जानेवारी १८९७ ला त्याने ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. आला ताप, गेला ताप, माणूस जिवंत. म्हणजे लस निदान मारत नाही एवढं कळलं.

पण ती वाचवते का? हे कसं शोधायचं?

तुम्ही म्हणाल, सोपं आहे. मुंबईत हजारो लोकांना टोचा, मग किती मेले ते मोजा. पण अडचण बघा. टोचलेल्या हजार माणसांत दहा मेले, हे चांगलं की वाईट? ते न टोचलेल्यांशी ताडून बघायला हवं. आणि न टोचलेले किती? शहरातली निम्मी माणसं पळालेली. कोण कुठे गेलं याचा पत्ता नाही. प्लेग झालेला माणूस घरचेच लपवत होते, कारण कळलं की सरकारी माणसं उचलून नेतात. म्हणजे अपूर्णांकातला वरचा आकडा खोटा आणि खालचा आकडा माहीतच नाही. आजही सर्वेक्षणात लोक वरच्या आकड्यावर भांडतात आणि खालच्या आकड्याकडे बघत नाहीत. 'आमच्या तालुक्यात इतके पेशंट' ही बातमी होते, पण कितीमधले ते कुणी विचारत नाही.

ज्या ठिकाणी खालचा आकडा रोज सकाळ-संध्याकाळ मोजला जातो, जिथून कुणी पळत नाही आणि रोगी लपवता येत नाही, अशी जागा कुठली? तुरुंग.

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारी १८९७ ला हाफकिन तिथे पोहोचला. कैद्यांना विचारलं, कोण टोचून घेतंय? साधारण निम्मे, म्हणजे दीडशेच्या आसपास पुढे आले. उरलेले पावणेदोनशेच्या घरात. (कैद्याची 'इच्छा' कितपत इच्छा असते, हा प्रश्न आपल्याला आज पडतो. तेव्हा फारसा कुणाला पडला नाही. तो इथे नोंदवून पुढे जातो.) मग पुढचा आठवडाभर मोजणी. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ मेले. टोचलेल्यांत २ जणांना झाला, मेला कुणीच नाही.

जिंकला की हाफकिन! थांबा. इथे पहिला शहाणा प्रश्न असा: हा योगायोग असू शकतो का?

समजा लस म्हणजे नुसतं पाणी होतं. तिने ना बरं झालं ना वाईट. मग ज्या १४ जणांना प्लेग व्हायचा होता, त्यांना तो कसाही झालाच असता. फक्त त्यातले किती योगायोगाने टोचलेल्या गटात पडले, एवढाच खेळ. तुम्ही हा खेळ घरी करू शकता. सव्वातीनशे चिठ्ठ्या करा, चौदांवर फुली मारा, सगळ्या चिठ्ठ्या ढवळा आणि दीडशे उचला. फुलीवाल्या किती आल्या? बहुतेक वेळा सहा-सात येतील. कधी चार, कधी नऊ. दोन किंवा त्याहून कमी? शंभर वेळा ढवळलंत तर एखाद-दुसऱ्या वेळी. हे शंभरातलं एक-दीड म्हणजेच पी-व्हॅल्यू, ०.०१ च्या आसपास.

नांदगावच्या ताई, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. 'काहीच फरक नाही' असं धरून चाललो, तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ ढवळण्यातून किती वेळा दिसेल, ते पी-व्हॅल्यू सांगते. त्यापलीकडे ती काहीच सांगत नाही. 'लस फुकाची असण्याची शक्यता एक टक्का' असा तिचा अर्थ होत नाही, पण निम्मी वर्तमानपत्रं तो तसाच लावतात. ती तुझ्या लसीबद्दल बोलतच नाही, ती फक्त चिठ्ठ्यांबद्दल बोलते.

आता भायखळ्याच्या गोष्टीतली एक बारीक गोष्ट सांगतो. ती बारीक वाटते, पण आकडे हलवते. ज्यांना टोचलं त्यांतल्या तिघांना त्याच संध्याकाळी प्लेगची लक्षणं दिसली आणि तिघेही मेले. हाफकिनने हे तिघं हिशोबातून काढले. त्याचं म्हणणं, रोग आधीच अंगात होता, लसीला काम करायला वेळच मिळाला नाही. पटण्यासारखं आहे. टोचल्यावर काही तासांत कुठलीच लस काम करत नाही, आपण कोविडच्या वेळी 'दुसऱ्या डोसनंतर चौदा दिवस' ऐकलेलंच आहे.

पण मी जरा गणित करून पाहिलं. ते तिघं टोचलेल्यांच्या बाजूला परत टाकले, तर १७ पैकी ५ टोचलेले होतात. चिठ्ठ्या ढवळून इतका फरक किती वेळा येईल? साधारण आठातून एकदा. शंभरात एकदा कुठे आणि आठात एकदा कुठे! तीन माणसं इकडची तिकडे, आणि 'नक्की' वरून आपण 'बघू पुढे' वर येतो. हाफकिन खोटं बोलत होता असं मी म्हणत नाहीये. त्याने कारण दिलं आणि कारण बरोबरच होतं. पण कुणाला गाळायचं हा नियम आकडे दिसण्याआधी ठरवावा लागतो आणि तोच नियम दुसऱ्या गटालाही लावावा लागतो. त्या संध्याकाळी न टोचलेल्यांत कुणी आजारी पडलं असेल, तर तोही गाळायला हवा. निकाल बघून नियम ठरवला की माणूस प्रामाणिक असूनही फसतो. आज मोठ्या चाचण्यांचा आराखडा आधीच जाहीर नोंदवून ठेवतात, तो याचसाठी.

आणि दुसरा शहाणा प्रश्न, जो चिठ्ठ्या ढवळून सुटत नाही: पुढे कोण आले होते?

जे स्वतःहून हात पुढे करतात ते वेगळे असतात. कदाचित धडधाकट असतील. कदाचित एकाच बराकीतले असतील, आणि त्या बराकीत उंदीरच कमी असतील. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा मान्य झालेलं नव्हतं. त्यामुळे कुठली बराक कुठे आहे हे महत्त्वाचं, असं कुणाच्या डोक्यात येणंही अवघड होतं. म्हणजे जे माहीत नाही त्याची बरोबरी करायची कशी? हा खरा डोक्याला ताप आहे.

त्याच वर्षी दमणमध्ये, म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलखात, मोठे आकडे मिळाले. टोचलेले २१९७, त्यांत ३६ मेले. न टोचलेले ६०३३, त्यांत १४८२ मेले. दीड टक्का आणि चोवीस टक्के! पी-व्हॅल्यू काढायला गेलात तर शून्यानंतर शून्यं लिहून हात दुखेल. तरीही मला विचाराल तर हा पुरावा भायखळ्यापेक्षा कच्चा आहे. का? दमणमध्ये टोचणी साथ चालू असताना दिवसेंदिवस होत होती. जो पहिल्या आठवड्यात प्लेगने गेला तो टोचून घ्यायला शिल्लकच राहिला नाही. तो आपोआप 'न टोचलेल्यांत' जमा. टोचून घ्यायला आधी जिवंत असावं लागतं, मंडळी! म्हणजे टोचलेल्या गटाला फुकटचे काही जिवंत दिवस मिळतात. आजही एखादं औषध घेणारे आणि न घेणारे यांची तुलना करताना भलेभले याच खड्ड्यात पडतात. आकडा मोठा झाला की योगायोगाची भीती जाते, पण चुकीच्या तुलनेची भीती जात नाही. उलट ती जास्त ऐटीत मिरवते.

हाफकिनला हे कळत होतं. निदान त्याचं पुढचं पाऊल बघितलं तर तसंच वाटतं. जानेवारी १८९८ मध्ये मुंबईच्याच उमरखाडी तुरुंगात प्लेग आला. या वेळी त्याने 'कोण तयार आहे' यावर गट पाडले नाहीत. कैद्यांना रांगांत बसवलं आणि एक सोडून एक टोचलं. याला टोच, त्याला सोड. बाजूबाजूला बसलेली माणसं, तेच अन्न, त्याच बराकी. कोण टोचला जाणार हे त्याच्या तब्येतीने नाही, भित्रेपणाने नाही, तर तो रांगेत कुठे बसला यावर ठरलं.

निकाल: टोचलेल्यांत ३ जणांना प्लेग, मृत्यू एकही नाही. न टोचलेल्यांत १० जणांना, त्यांतले ६ मेले.

आता नाणी काढा. एकूण आजारी १३. लस फुकाची असेल आणि दोन्ही गट साधारण सारखे धरले, तर प्रत्येक आजारी माणूस म्हणजे एक नाणं. छापा पडला तर टोचलेला, काटा पडला तर न टोचलेला. तेरा नाणी उडवली तर किती प्रकारे पडू शकतात? दोनला दोनने तेरा वेळा, म्हणजे ८१९२ प्रकारे. त्यातले तीन किंवा त्याहून कमी छापे येणारे प्रकार मोजा. एकही छापा नाही असा १, एक छाप्याचे १३, दोनचे ७८, तीनचे २८६. एकूण ३७८. भागा ८१९२ ने. उत्तर सुमारे ०.०४६.

बघा, कुठे आलो! ०.०५ च्या कुंपणावर. आजच्या सरांनी 'सिग्निफिकंट' म्हणून शिक्का मारला असता. एक माणूस इकडचा तिकडे, चार आणि नऊ असते, तर उत्तर ०.१३ झालं असतं आणि त्याच सरांनी मान हलवली असती. लस तीच, तुरुंग तोच. म्हणून हे कुंपण देवाने घातलेलं नाही हे लक्षात ठेवा. रोनाल्ड फिशर नावाच्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९२५ च्या आपल्या पुस्तकात विसात एक ही सोयीची रेषा म्हणून सुचवली आणि जगाने ती गळ्यात बांधून घेतली. योगायोग बघा, त्याच १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिनचं नाव दिलं गेलं.

कुंपणावरचा एकच निकाल असेल तर शहाणा माणूस काय करतो? पुन्हा करून बघतो, दुसऱ्या ठिकाणी, जास्त काळजीने. फेब्रुवारी १८९८. जागा बडोद्याजवळचं उंडेरा नावाचं गाव, सयाजीरावांच्या राज्यातलं. तुरुंग नाही, साधं गाव, घरं, बायका, पोरं, म्हातारी. तिथे प्लेग शिरला होता. या वेळी पद्धत आणखी सुंदर. प्रत्येक घरातली साधारण निम्मी माणसं टोचायची आणि निम्मी सोडायची. म्हणजे एकाच छपराखालचे, एकाच चुलीवरचे, त्याच उंदरांच्या शेजारचे. घर चांगलं की वाईट, गरीब की श्रीमंत, हे दोन्ही बाजूंना सारखंच वाटलं गेलं.

सहाएक आठवड्यांनी घरोघर जाऊन चौकशी झाली. २८ घरांत प्लेग झालेला. त्या घरांत ७१ टोचलेले होते, त्यांतल्या ८ जणांना प्लेग, ३ मेले. न टोचलेले ६४, त्यांतल्या २७ जणांना प्लेग, आणि २६ मेले.

सव्वीस. हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका. एकाच घरात आईला टोचलं, मुलाला नाही. भावाला टोचलं, बहिणीला नाही. ज्या पद्धतीला मी वर 'सुंदर' म्हटलं, तिची किंमत ही. त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं की लस काम करते, हे खरं. माहीत असतं तर निम्म्यांना सोडणं हा गुन्हा ठरला असता. आणि माहीत करून घ्यायचा दुसरा भरवशाचा रस्ता हाफकिनला सापडला नव्हता. पण गावकऱ्यांना कुणी नीट समजावून विचारलं होतं का? आज कुठलीही नैतिकता समिती हा प्रश्न आधी विचारेल, आणि विचारायलाच हवा.

ढवळलेल्या चिठ्ठ्यांतून ८ आणि २७ अशी विभागणी दहा हजारांत एकदाही जेमतेम येईल. आणि मुख्य म्हणजे, इथे 'पुढे कोण आलं' ही शंकाही बरीचशी गेलेली. सर थॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग कमिशनने नंतर हे सगळे आकडे तपासले. टोचणीने प्लेग होण्याचं आणि मरण्याचं प्रमाण कमी होतं, पण पूर्ण संरक्षण मिळत नाही, असा निष्कर्ष काढला, आणि लस बनवण्यातल्या अनियमिततेवर टीकाही केली. मला हा निष्कर्ष समजूतदार वाटतो. एक बाजू घेऊन नाचला नाही.

पण गणिताने सिद्ध झालं म्हणजे लोकांनी मानलं असं होत नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात एकाच दिवशी १०७ जणांना टोचलं आणि त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. एकोणीसच्या एकोणीस एकाच बाटलीतून टोचलेले. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नाही. बाकीच्या बाटल्या निर्दोष असताना एकाच बाटलीत घाण शिरली, मग ती परळला शिरली की गावात बाटली उघडताना? बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता असं साक्षीत आलं. तरी ठपका हाफकिनवर आला. पुढे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्याच्या बाजूने लिहिलं, तेव्हा कुठे तो दोषमुक्त झाला. तो हिंदुस्थानात परत आला, पण मुंबईची ती प्रयोगशाळा त्याला परत मिळाली नाही.

आणि याच सुमारास इंग्लंडमध्ये दोन माणसं शांतपणे बसून विचार करत होती, की अशा टोचणीच्या आकड्यांवर विश्वास कधी ठेवायचा? मेजर ग्रीनवुड (मेजर हे नावच आहे, हुद्दा नाही) आणि उडनी यूल. त्यांचा १९१५ चा निबंध विषमज्वर आणि कॉलऱ्याच्या टोचणीवरचा आहे. त्यांनी तीन अटी घातल्या. दोन्ही गटांतली माणसं महत्त्वाच्या सगळ्या बाबतींत सारखी असावीत. रोगाशी गाठ पडण्याची संधी दोघांना सारखी असावी. आणि कोण टोचलेला हे ठरवणं व कोण आजारी हे ठरवणं एकमेकांवर अवलंबून नसावं. तिसरी अट जरा डोक्यात मुरू द्या. डॉक्टरला माहीत असेल की हा टोचलेला आहे, तर त्याच्या तापाला तो 'साधा ताप' म्हणेल. न टोचलेल्याच्या त्याच तापाला 'प्लेग'. या अटीवर भायखळा, उमरखाडी आणि उंडेरा, तिन्ही ठिकाणी शंका काढता येते. मृत्यूचे आकडे त्यामानाने भरवशाचे. मेलेला माणूस मेलेला असतो, त्याच्याबद्दल मतभेद नसतात.

आता शंभर वर्षं पुढे आणि महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला. गडचिरोली. डॉ. अभय आणि राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेच शास्त्र शिकून आले आणि १९८६ पासून तिथे 'सर्च' ही संस्था घेऊन बसले. प्रश्न होता नवजात बाळांचा. दवाखाना लांब, बाळ घरी जन्मतं आणि पहिल्याच महिन्यात जातं. गावातल्याच बाईला शिकवून, घरी जाऊन बाळाला तपासायला, ऊब द्यायला आणि जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन द्यायला लावलं तर बाळं वाचतील का?

इथे घरातल्या निम्म्यांना सोडता येत नव्हतं. एका गावात एक आरोग्यदूत आणि तिने शेजारच्या बाळाकडे बघायचंच नाही, असं कसं होईल? म्हणून गट गावांचे केले. ३९ गावांत ही सेवा, ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवा आणि नुसती मोजणी. ही गावं चिठ्ठी टाकून वाटलेली नव्हती. मग भायखळ्याचीच शंका, दोन गट आधीपासून वेगळे असतील तर? तिचं उत्तर त्यांनी आधीच मोजून ठेवलं होतं. सेवा सुरू होण्याआधी, १९९३ ते ९५ मध्ये, सेवेच्या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होते, तुलनेच्या गावांत ५८ च्या जवळ. म्हणजे सेवेची गावं सुरुवातीला थोडी वाईटच होती. तीन वर्षं सेवा दिल्यावर तिथे आकडा आला २५.५. तुलनेच्या गावांत तो जिथल्या तिथे, ५९.६. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हे छापलं. घट ६२ टक्के.

यात एक गणिती मेख आहे. एका गावातली बाळं म्हणजे वेगवेगळी नाणी नव्हेत. तेच पाणी, तीच दाई, तीच आरोग्यदूत. ती बाई हुशार असेल तर गावातली सगळी नाणी एकाच बाजूला झुकतात. म्हणून हिशोब 'किती बाळं' एवढ्यावर थांबत नाही, 'किती गावं' हेही बघावं लागतं. दोनच गावं घेतली असती, तर हजार बाळं मोजूनही खरी नाणी दोनच.

हीच पद्धत पुढे सरकारने उचलली आणि २०११ पासून देशभरच्या आशाताईंकडे दिली. नांदगावच्या आशाताई बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, वजन करतात, ताप बघतात, फॉर्म भरतात. तो फॉर्म गडचिरोलीच्या त्या गावांमधून निघून इथवर आलाय.

तर ताई, तुझ्या प्रोजेक्टकडे येतो. तुझी पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आहे, म्हणजे निव्वळ ढवळाढवळीतून इतका फरक क्वचितच येईल. एवढं मान्य. पण तुझ्या मीटिंगला आल्या कोण? ज्यांना दुपारी मजुरीवर जावं लागत नाही त्या. ज्यांची सासू सोडते त्या. बहुधा ज्यांच्या घरात नळ आहे त्या. भायखळ्याच्या त्या दीडशे जणांसारख्याच, हात पुढे केलेल्या. तुझ्या मीटिंगमुळे जुलाब कमी झाले असतील, किंवा नळामुळे. चिठ्ठ्या हे सांगू शकत नाहीत.

करता येईल असं सुचवतो. तुझ्याकडे मीटिंग सुरू होण्याच्या आधीच्या महिन्यांची जुलाबाची नोंद आहे का? आशाताईंच्या किंवा अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये सापडेल. ती दोन्ही गटांसाठी काढ. फरक आधीपासूनच तेवढाच असेल, तर श्रेय मीटिंगचं नाही. आणि पुढची फेरी करणार असशील तर वस्त्यांची यादी घे आणि सगळ्यांसमोर चिठ्ठी टाक. निम्म्या वस्त्यांत मीटिंग आत्ता, निम्म्यांत तीन महिन्यांनी. कुणी वंचित राहत नाही, फक्त कुणाला आधी आणि कुणाला नंतर एवढंच. वस्त्या दोन-तीन नकोत, जमतील तितक्या जास्त घे. जुलाब झाला की नाही हे विचारायला जाणारी बाई वेगळी असू दे, तिला माहीत नको कुठल्या वस्तीत मीटिंग झाली. आणि कुणाला गाळायचं ते आधी वहीत लिहून, तारीख टाकून ठेव.

आशाताईंना आत्ता काय सांगायचं? सांग, "मीटिंगला येणाऱ्यांची मुलं कमी आजारी दिसली, पण मीटिंगमुळेच का, ते अजून बघतेय." आशाताईंना हे वाक्य अवघड जाणार नाही. त्या रोज घराघरांत जातात, कुठल्या घरात नळ आहे हे त्यांना तुझ्या कॉम्प्युटरपेक्षा चांगलं माहीत असतं. किंबहुना आधी त्यांनाच विचार.

आणि हो, तेरा नाणी उडवून बघा रे सगळ्यांनी. वीस-पंचवीस वेळा उडवा आणि किती वेळा तीन किंवा कमी छापे आले ते मला कळवा. सगळ्यांचे आकडे एकत्र करून पुढच्या भागात बघू, शंभरात पाचच्या जवळ येतोय का ते.